मदत हवी आहे: ओल आणि उन्हात टिकणारा फाइन आर्ट प्रिंटचा कागद कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात कापूस वेचणाऱ्या बायांचे कृष्णधवल फोटो कायमचे लावायचे आहेत. साइझ १६ बाय २४ इंच. पैसा लोकवर्गणीचा आहे, त्यामुळे छपाई एकदाच आणि नीट व्हायला हवी. यातल्या काही आज्या आता नाहीत. त्यांच्या पतवंडांनाही त्या इथे दिसाव्यात असं फार वाटतं.

शाई पिगमेंटच (रंगाचे बारीक घन कण असलेली), हे पक्कं आहे. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उजेडाने लवकर उडते. अडलंय ते कागदापाशी.

लॅबने नमुन्याचे तुकडे पाठवलेत. आरसी (रेझिन कोटेड) कागद स्वस्त आहे, पण त्याला दोन्हीकडून प्लास्टिकचा थर असतो, कायमच्या कामाला तो घ्यायला मन होत नाही. उरले दोन. एक हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग, ३०८ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), मॅट म्हणजे बिनचमकीचा, १०० टक्के कॉटन. दुसरा अल्फा सेल्युलोजचा (शुद्ध केलेल्या लाकडाच्या लगद्याचा) बरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला चमकदार कागद.

एका फोटोत आजीने कमरेला ओटी बांधली आहे, ती कापसाने फुगली आहे आणि मागे ओली काळी माती. मॅटवर आजीच्या हातावरची एकेक शीर उमटते, चमक कुठेच आड येत नाही. पण माती करडी पडते. बरायटावर तीच माती खरी काळीभोर दिसते. मात्र रात्री नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली धरला तर बरायटाचा तुकडा निळा झगमगतो, म्हणजे त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) भरपूर. तो उजेडाने निकामी होत गेला की कागदाचा पांढरेपणा पिवळटाकडे झुकतो. म्हणून माझा कल कॉटनकडे आहे. शिवाय जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासूनही कॉटनचे कागद बनतात. या बायांचे फोटो कापसावरच छापले जावेत, हे मला मनापासून पटतं.

खरी काळजी इमारतीची. एसी नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि श्रावणात भिंतीला ओल धरते. काच आणि प्रिंट यांच्यात फट राहील असा अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला, कागद पिवळा न पाडणारा) माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायचा, मागे प्लाय कागदाला टेकू द्यायचा नाही आणि फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवायची, एवढं ठरवलंय.

ज्यांनी कॉटनचा मॅट प्रिंट अशा बिनएसीच्या जागेत दोन-चार पावसाळे ठेवलाय त्यांनी कृपया सांगा: बुरशी धरली का, कागदाला लाटा आल्या का? वरून संरक्षक स्प्रे मारलात का, आणि त्याने काळा रंग थोडा गडद झाला का? ब्राइटनर नसलेला बरायटा कुणी वापरला असेल तर त्याचं नाव हवंय. अमरावती किंवा नागपुरात अ‍ॅसिड-फ्री बोर्ड नक्की ठेवणारा फ्रेमवाला माहीत असेल तर तोही कळवा.

वेचणी सुरू व्हायच्या आत फोटो भिंतीवर लागायला हवेत, म्हणून पोळ्यापर्यंत कागदाची ऑर्डर द्यायची आहे.