पोटात दुखतंय पोराच्या आणि थेरपिस्ट म्हणतात सासूबाईंनाही घेऊन या. असं असतं का?

राजारामपुरीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगा नववीत आहे, जूनपासून शाळेची वेळ झाली की पोट धरून आडवा होतो, रविवारी मात्र ठणठणीत. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी फॅमिली थेरपिस्टकडे पाठवलं. त्या मॅडम पोराशी जेमतेम पंधरा मिनिटं बोलल्या आणि बाकी वेळ मलाच विचारत बसल्या, घरात कोण कोण, झोपता कधी, जेवायला एकत्र बसता का, दुकानाचं कर्ज आहे का... आता पुढच्या वेळी मिस्टर आणि सासूबाई दोघंही हवेत म्हणे. मिस्टर भडकलेत, पोट त्याचं दुखतंय तर आईला कशाला न्यायचं, घरातलं चव्हाट्यावर मांडायचंय का. कोल्हापुरात कुणी गेलंय का असं?

पैलवान_मंगळवारपेठ
फी वाढवायचे धंदे ओ वहिनी. पोरगं तालमीत घाला, पहाटे उठलं की पोटबिट सगळं विसरतंय.

कटवाली_मिसळ
पैलवान, आमचं पण हेच मत होतं, ऐका जरा. धाकट्या बहिणीचं डोकं दुखायचं, आम्ही चौघं गेलो तर ती आई-बाबांच्या मधल्या खुर्चीत आणि ते दोघं दोन टोकांना, आम्हाला कुणालाच त्यात काय वेगळं वाटलं नाही, रोजचंच. मॅडमनी तिला उठवून माझ्या शेजारी बसवलं आणि आई-बाबांना म्हणाल्या, आता तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, पोरीमार्फत नको. बाबा नुसते खुर्ची सरकवत बसले ओ! मग मोठ्या कागदावर तीन पिढ्या काढल्या, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि काका-बाबांच्या मधली रेघ तोडली कारण शेतीच्या वाटणीपासून बोलणंच बंद. घरात भांडण पेटलं की हिचं डोकं दुखायचं आणि भांडण थांबायचं. पोरगी नाटक करत नव्हती, खरंच दुखायचं. आणि फक्त गप्पा नाहीत हां, थायरॉईड तपासून घ्या म्हणाल्या, रात्री मोबाईल हॉलमध्ये ठेवायला लावला. सहा महिने गेले, झटपट काय नाही.

एमएसडब्ल्यू_ताई
मी याच फिल्डमध्ये आहे. शरीर, मन आणि घरची परिस्थिती एकत्र बघायचं मॉडेल डॉ. जॉर्ज एंगल यांनी 1977 मध्ये मांडलं, आणि दोघांच्या ताणात तिसरा ओढला जातो हा त्रिकोण मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांचा. त्यामुळं आजीला बोलावलं म्हणजे आजीची चूक काढली असं नाही, मिस्टरांना हे आधी सांगा. चव्हाट्याचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. पण घरात मारहाण असेल तर सगळ्यांना एकत्र बसवणं धोक्याचं, तसं असेल तर मॅडमना आधी एकट्यानं सांगा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, त्यात लाजायचं काय नाही. तोवर बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पैलवान_मंगळवारपेठ
तालीम बंद करू नका एवढंच म्हणतो. 😄

राजारामपुरीची_आई
मारहाण वगैरे काय नाही ताई, उलट आमच्यात कोण मोठ्यानं बोलतच नाही, दोन-दोन दिवस ताटं वाढायची आणि उचलायची. मिस्टरांना अजून पटलं नाही. पण सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं आणि रात्री म्हणाल्या, मी येते, मलाबी सांगायचंय. काय ते सांगितलं नाही. शनिवारी पाचची वेळ घेतलीय.