‘कोरोनाने गेले’ की ‘कोरोनात गेले’?

प्रश्न : मामांच्या पुण्यस्मरणाच्या मजकुरात मी ‘2021 साली कोरोनाने निधन’ असं लिहिलं. मामी म्हणाली, “कोरोनात गेले असं लिही. दुखणं हृदयाचं होतं, बेड मिळाला नाही म्हणून गेले.” बोलताना सगळेच ‘कोरोनात’ म्हणतात. पण छापायला ते शुद्ध आहे का?

उत्तर : शुद्ध आहे. तृतीया कारण सांगते : कॅन्सरने गेले, हार्टॲटॅकने गेले. सप्तमी काळ सांगते. ‘मधुमेहात गेले’ कुणी म्हणत नाही. दुष्काळात, पुरात, प्लेगात मात्र म्हणतात. रोग अख्ख्या गावावर आला की त्याचा काळ होतो, आणि त्या काळात बाळंतपणात दगावलेली बाईसुद्धा ‘प्लेगात गेली’. सावित्रीबाई फुल्यांना दोन्ही विभक्ती लागू पडतात : प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. तुमच्या मामी म्हणतात तेच छापा. दाखल्यावर कारण काही का असेना, तो माणूस कशात सापडला हे त्या ‘त’मध्ये आहे.

उत्तर : थोडी भर. आमच्याकडे 1918च्या इन्फ्लुएंझाला मानमोडी म्हणत. आजी थोरल्या बहिणीचा जन्म ‘मानमोडीच्या साली’ असाच सांगायची, तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. त्या साथीत देशात कोटीच्या वर माणसं गेल्याचा अंदाज आहे. 1921च्या जनगणनेत लोकसंख्या 1911पेक्षा कमी भरली. आणि तरी आज मानमोडी हा शब्द किती जणांना कळतो? पुण्याचा प्लेग आपल्या लक्षात आहे तो रँडमुळे. 22 जून 1897ला चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि प्लेग शाळेच्या पुस्तकात गेला. त्यातही मेलेली माणसं मागेच राहिली. मानमोडीच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. ती लोकांच्या वयाच्या हिशेबात उरली, आणि ती माणसं गेल्यावर शब्दही गेला. मला हे फार लागतं.

उत्तर : ‘महामारी’ आता हिंदी बातम्यांमुळे सर्रास झाला. आपला रोजचा शब्द साथ. ती येते, पसरते, ओसरते. पूर्वी मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. साथ गेली, हे सगळ्या गावाने मिळून ठरवायची ती रीत होती. कोरोनाला आपण असा निरोप दिलाच नाही. 2021च्या निधनवार्तांत तर कित्येकांनी ‘अल्पशा आजाराने’ एवढंच छापलं. शेजारी काय म्हणतील ही भीती मी समजू शकतो, पण त्यामुळे पन्नास वर्षांनी जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्याला त्या मे महिन्यात एवढी माणसं कशी गेली ते कळणार नाही. म्हणून माझं मत : विभक्ती कोणतीही लावा, कोरोना हे नाव गाळू नका.