म्हणे ‘फुकटचा परफॉर्मन्स’! 30 हजारांचा गेमिंग पीसी आणि ओव्हरक्लॉकचा हट्ट

जांभा_दगड (रत्नागिरी):
काल ‘देवगडचो_झिल’ने इथे आपल्या 30 हजारांच्या पीसीची यादी फोटोसकट टाकली. सेकंडहँड रायझन 5 1600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, सेकंडहँड आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड, 450 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम मामेभावाच्या जुन्या मशीनमधली. इथपर्यंत उत्तम. खाली मात्र ओळ होती: ‘सोबत आलेल्या कूलरवरच 1.4 व्होल्ट देऊन 3.9 गिगाहर्ट्झ केलाय. लोक उगाच घाबरतात, ओव्हरक्लॉक म्हणजे फुकटचा परफॉर्मन्स.’ त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

फुकट? ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मांडू या हिशेब. सगळे कोअर कामाला लागले की 1600 आपला आपण 3.4 च्या आसपास चालतो. 3.9 म्हणजे पंधरा टक्के जास्त. वीज तेवढ्यावर भागत नाही, ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. 1.2 चे 1.4 केलेस की तिथेच 36 टक्के, वर फ्रिक्वेन्सीचे पंधरा. गुणाकार दीडपटीच्या वर जातो. ही उष्णता बाहेर फेकणार कोण, तर तो डबीएवढा कूलर. कुठे? देवगडात, मे महिन्यात, कौलाखालच्या माळ्यावर.

आणि पदरात काय पडलं? 580 असताना बहुतेक गेममध्ये अडतं ते कार्ड, प्रोसेसर नाही. सेकंदाला चार-पाच फ्रेम वाढल्या असतील.

1998 साली सेलेरॉन 300ए घेतला त्यांनी खुशाल फुकट म्हणावं. एफएसबी (बोर्ड प्रोसेसरला देतो तो मूळ ताल) 66 ची 100 केली की 300 मेगाहर्ट्झचा 450 व्हायचा. 2014 च्या पेन्टियम जी3258 पर्यंतही थोडी गंमत होती. हल्ली कंपनीच रस पिळून घेते आणि आपल्याला चोथा विकते. रायझन 5600 खोक्यातून काढून लावला की आपसूक 4.4 पर्यंत जातो, तुम्ही बायॉसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) डोकवायची गरज नाही. तो तुझ्याच बी450 वर बायॉस अपडेट करून बसतो. शिवाय तुझा 1600 विंडोज 11 च्या यादीत नाही आणि विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, ते वेगळंच.

आता समुद्र. माझं घर मिऱ्याजवळ. दोन बोर्ड गेलेत, दोन्ही दुसऱ्या पावसाळ्यात. मीठ हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्याखाली येते कधी? पंखा जितका जोरात फिरेल तितकं मीठ आत. ओव्हरक्लॉकवाल्याचा पंखा कायम बोंबलत असतो. तेव्हा तरुण मुलांना असली आमिषं दाखवू नये ही विनंती.

देवगडचो_झिल:
जांभादादा, आमिष मी कुणाक दाखवलंय? माझी यादी माझ्या पैशांची. दोन सीझन काकाच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरल्या, डागी निवडले, तेव्हा 30 हजार जमले. 5600 बसतो हे मलाही माहीत आहे. तो घ्यायला तिसरा सीझन लागेल, एवढंच.

बोर्ड, प्रोसेसर आणि कूलर एकाकडूनच जुने घेतले. त्याच भावात ए320 बोर्डवाला सेट पण होता, त्यावर ओव्हरक्लॉक होत नाही म्हणून बी450 वाला उचलला. वेगळा कूलर घेतलाच नाही. मग 5600 लाव म्हणता, त्याचे पैसे कुठले? गेम खेळताना 82 डिग्री, दोन महिन्यांत एकदाही बंद पडला नाही.

आणि बारावीला व्होल्टेज, करंट, पॉवर सगळं पाठ केलं होतं. कळलं ते बायॉसमध्ये.

कुर्ली_फ्राय:
झिला, 580 नीट तपासून घेतलंस ना? 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग (अशा कार्डांवर आभासी नाणी पाडणं) संपलं तेव्हापासून घासून चकाचक केलेल्या कार्डांचा पूर आलाय. त्यात 2048 एसपीवालं (कार्डातले छोटे गणक कमी असलेलं) पण 580 म्हणूनच गळ्यात मारतात. खऱ्यात 2304 असतात.

देवगडचो_झिल:
2304 आहेत. पहिला तोच आकडा बघितला.

तिरफळ (मालवण):
जांभादगड, मिठाचं तुमचं अर्धं बरोबर आणि अर्धं उलटं. माझं भरडावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. 2020 च्या मार्चमध्ये शटर ओढलं ते गणपतीनंतर वर केलं. सात मशीन होती. तीन बोर्डांवर हिरवं बुरशीसारखं साचलेलं, दोन चालूच झाली नाहीत, उरलेली दोन रॅम खोडरबराने घासल्यावर कशीबशी उठली. आठवं मशीन हिशेबासाठी घरी नेलं होतं. घर दुकानापेक्षा समुद्राला जवळ, मुलीचे ऑनलाइन तास त्याच्यावर, दिवसाला आठ तास चालायचं. त्याला काही झालं नाही. आजही चालतं.

कारण साधं आहे. चालू मशीन आतून गरम असतं, गरम हवेत दमटपणाची टक्केवारी पडते, मीठ कोरडं राहतं. बंद ठेवलेलं मशीन कुजतं. तुमचे दोन बोर्ड गेले तेव्हा पावसात रोज लावत होतात की कॅबिनेटवर टॉवेल टाकून ठेवला होतात?

जांभा_दगड:
टॉवेल नव्हता. प्लास्टिक होतं.

तिरफळ:
झालं तर मग. लोणचंच घातलंत.

चाकरमानी_डोंबिवली:
एवढी डोकेफोड करण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला या, सगळं पारखून घ्या. आणि गावी ओव्हरक्लॉक करूच नये. दमट हवेत कूलर नीट काम करत नाही. आपल्यालाच किती उकडतं बघा! त्यात गावची लाईट. गणपतीला आलो की कॅबिनेटला हात लावायची सोय नाही, झिणझिण्या येतात. शेवटी गेल्या वर्षी मीच सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडून टाकले. झिणझिण्या बंद. दहा मिनिटांचं काम, पण गावात सुचायला हवं ना.

कुर्ली_फ्राय:
दमटपणात आपल्याला उकडतं कारण घाम वाळत नाही. प्रोसेसरला घाम येतो काय? त्याला खोली 33 डिग्री आहे की 25 एवढंच कळतं.

वायरमन_तात्या (कणकवली):
डोंबिवलीकर, बाकीचं नंतर. गावच्या घरी आत्ता कोण आहे? त्यांना फोन करा आणि त्या सॉकेटचा एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडायला सांगा. वाचताय ना?

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटात जोडलात म्हणजे कॅबिनेटचा पत्रा न्यूट्रलला बांधलात. खांबावरची न्यूट्रल वाऱ्यात तुटली, जी आमच्याकडे दर जूनमध्ये कुठे ना कुठे तुटते, की घरातल्या चालू बल्ब-पंख्यातून फेज फिरून त्याच वायरीने पत्र्यावर येईल. पूर्ण 230 व्होल्ट. कुणी फेज-न्यूट्रल उलटी जोडली तर वारा सुटायचीही गरज नाही, पत्रा थेट फेजवर. 1987 पासून वायरिंग करतोय, एका घरात याच दुरुस्तीमुळे फ्रिजला चिकटलेली बाई मी लाकडाने सोडवली आहे. वाचली, म्हणून आज सांगता येतं.

झिणझिण्या का येतात ते पण ऐका. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा मधोमध लोंबकळतो, 110-115 व्होल्टवर. करंट अगदी किरकोळ, म्हणून माणूस मरत नाही, नुसता दचकतो. झिणझिण्या म्हणजे मशीन सांगतंय की अर्थिंग नाही. तुम्ही त्याचं तोंड दाबलंत.

चाकरमानी_डोंबिवली:
तात्या, माहितीबद्दल आभार, पण सूर जरा खाली घ्या. वायरमनला निरोप धाडून मी सुट्टीचे पाचही दिवस वाट बघितली. कुणी फिरकलं नाही. मग माणूस स्वतः करणारच. गावची कामं अशीच होतात हे गावातल्यांनीही कधी कबूल करावं.

वायरमन_तात्या:
पाच दिवस गणपतीचे. त्या पाच दिवसांत प्रत्येक घरात मखराची तोरणं, वर पंप बंद, वर तुमच्यासारखे शंभर जण एकदम उतरलेले. उरलेले 360 दिवस तुमच्या घराला कुलूप असतं तेव्हा बोलवा की, चावी शेजारी ठेवून.

जांभा_दगड:
इथे माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून बोलतो. तात्या, जांभ्यात अर्थिंग लागतं कुठे? आमच्या सड्यावर दीड फुटावर पहार ठणकते. मीठ-कोळसा घालून खड्डा केला, तीन वर्षांत जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजून भुगा. जांभा पाणी धरत नाही, मेमध्ये जमीन म्हणजे कोरडी वीट. माझ्या मते दोन्ही बोर्ड जाण्याचं खरं कारण हेच असावं.

तिरफळ:
आधी समुद्र होता. मग प्लास्टिक. आता जांभा.

वायरमन_तात्या:
सड्यावर खणायचंच नाही. मोरीचं किंवा विहिरीवरचं पाणी जिथे रोज मुरतं तिथे खड्डा घ्यायचा, नाहीतर माडाच्या आळ्याशेजारी. लागली तर वीस-पंचवीस फूट वायर जास्त ओढायची. मिठाने पाइप लवकर खातो हे खरं, म्हणून मी हल्ली तांब्याची प्लेट घालतो किंवा तयार केमिकल इलेक्ट्रोड. ते परवडत नसेल तर मीठ-कोळसाच घाला, पण उन्हाळ्यात खड्ड्यात दोन कळशा पाणी ओता. आमच्या आजोळी तुळशीचं पाणी खड्ड्यात जाईल अशी पन्हळ केली होती. वीस वर्षं चाललं. आणि बोर्डावर 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाईट तोडणारा स्विच. अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.

कुर्ली_फ्राय:
ओव्हरक्लॉक रवलो बाजूक, हय खड्डे खणूक लागले.

माडावरचा_मोबाइल (गुहागर):
खड्ड्यावरून आठवलं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज पडली तेव्हा आमचं मशीन प्लग काढलेलं होतं, तरी गेलं. वीज लॅनच्या (इंटरनेटच्या) वायरीने आली. राउटर, लॅन पोर्ट, बोर्ड. आता फायबर आहे, काचेतून करंट येत नाही, तरी राउटरचा अडॅप्टर काढतोच. पण हे सांगायला ना दुकानदार येतो ना कुरिअरवाला. तो तर आमच्या पिनकोडला ‘पत्ता सापडला नाही’ लिहून परत जातो. वॉरंटीत एक कार्ड पाठवलं होतं, यायला सव्वा महिना लागला. तेव्हा ज्याला वॉरंटीची पर्वा आहे त्याने ओव्हरक्लॉक करू नये, त्याने झालेलं नुकसान एएमडी आणि इंटेल दोघेही वॉरंटीत धरत नाहीत. आणि ज्याची वॉरंटी आमच्यासारखी कागदावरच आहे त्याने खुशाल करावं.

देवगडचो_झिल:
माझं सगळंच सेकंडहँड, वॉरंटी कसली. म्हणजे मी पात्र.

पण जांभादादा, एक विचारू? मी एका मशीनचा फोटो टाकला तर तुमची झोप का उडाली?

जांभा_दगड:
विचारलंस म्हणून. 2018 मध्ये माझ्या रायझनवर रॅम 3200 ला ओढली होती, तेही ओव्हरक्लॉकच. गेम व्यवस्थित चालायचे, मीपण असाच फोटो टाकला होता. त्याच मशीनवरून बहिणीच्या लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसरीवर हलवले आणि मूळ डिस्क पुसली. अर्ध्याहून जास्त फोटो उघडतात, पण खालचा अर्धा भाग करडा, रॅमने हलवतानाच बिघडवलेला. वडील त्या लग्नानंतर तीन महिन्यांनी गेले. गेम चालला म्हणजे मशीन स्टेबल असं नसतं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते पहिल्याच दिवशी नीट म्हणायला हवं होतं.

तिरफळ:
हे आधी लिहिलं असतंत तर मी लोणच्याचं बोलले नसते.

देवगडचो_झिल:
सॉरी दादा. पण बघा, रॅम तुम्ही ओढलीत आणि मार माझ्या प्रोसेसरला. माझी रॅम 2933 वर आहे. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवतो आज.

जांभा_दगड:
लाव. आणि 1.4 सोडून 1.25 वर 3.7 धरतो का बघ. दोनशे मेगाहर्ट्झ जातील, गेममध्ये तुला कळणारही नाहीत. तोच न्याय 580 ला. 185 वॅटचं कार्ड आहे, व्होल्टेज थोडं उतरवलं तरी क्लॉक तोच राहतो. याला ओव्हरक्लॉक म्हणायचं असेल तर म्हण. मी फक्त ‘फुकट’ म्हणू देणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली:
तात्या, भावाला सांगून एमसीबी पाडला आहे. येत्या गणपतीला नाही, त्याआधी जुलैत येतोय. नंबर पाठवा.

वायरमन_तात्या:
जुलैत या. चिखलात खणायला सोपं.

देवगडचो_झिल:
1.25 ला 3.7 चालतोय. 82 चे 69 डिग्री झाले. बेंचमार्क लावला, तीन फ्रेम कमी. जांभादादा, खूश होऊ नका, तीन म्हणजे तीन.

दुसरं, शेजारच्या दादाकडून मीटर आणून सॉकेट मोजला, पीसीचा प्लग दुसऱ्या खाचेत लावलेलाच होता. फेज-न्यूट्रल 228. फेज-अर्थ 96. न्यूट्रल-अर्थ 132. तात्या, ह्या बरोबर असा काय?

वायरमन_तात्या:
नाय. फेज-अर्थ 228 च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन यायला हवं. तिसऱ्या पिनेला वायर आहे, पण त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. मीटरबॉक्सच्या खाली बघ, हिरवी वायर भिंतीत मोकळी सोडली असेल.

देवगडचो_झिल:
मोकळी नाय. आयेन तिच्यावर कपडे वाळत घातलेत.