रासेयो शिबिर की नवा क्लब? पशुवैद्यकीयच्या मुलांनी गावात काय करावं?

सायली_दुसरंवर्ष
नमस्कार. मी मराठवाड्यात बी.व्ही.एस्सी.ला आहे. यंदा रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराची आखणी आम्हा मुलांकडे आली आहे. गाव ठरलंय. घरटी दोन-चार शेळ्या, बहुतेक उस्मानाबादी. थोड्या देवणी आणि लाल कंधारी गाई, म्हशी. स्वच्छता, वृक्षारोपण, प्रभातफेरी होईलच, पण आपल्या विषयातलंही काही व्हावं असं मनापासून वाटतं. त्यातच वर्गातल्या काहींना भटक्या कुत्र्यांसाठी वेगळा क्लब काढायचाय, म्हणजे मुलं दोन्हीकडे वाटली जाणार. आम्हाला अजून उपचार येत नाहीत. मग करावं काय?

माळरान
उपचारांचा विचार डोक्यातून काढा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं. सुई-औषध शिक्षकांच्या किंवा गावच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. डॉक्टरांना आधी भेटून या. लाळ्या-खुरकूत, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) यांच्या लसी कधी झाल्या ते त्यांच्याकडे नोंदलेलं असतं.

धारेची_वेळ
सायली, मी परभणीला शिकले, आता तालुक्याच्या दवाखान्यात आहे. उपचार येत नाहीत म्हणून हात आखडू नकोस. जनावर आजारी पडायच्या आधी त्याला तपासणारं गावात सहसा कुणी नसतं, आणि ते तुम्ही करू शकता.

दुधापासून सुरुवात करा. सीएमटीचा (दुधावरून कासेचा आजार ओळखायच्या चाचणीचा) चार खणांचा ट्रे आणि द्रावण कॉलेजात मागा. पहिल्या धारा टाकून द्यायच्या, मग प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या खणात, तेवढंच द्रावण, आणि ट्रे गोल फिरवायचा. सुप्त कासदाह, म्हणजे वरून न दिसणारा कासेचा आजार, असला की दूध चिकट, घट्ट होतं. नुसतं बघून तो कळत नाही, कास सुजलेली नसते, दूधही चांगलंच दिसतं, फक्त कमी निघतं. ते चाऱ्यावर किंवा नजर लागण्यावर ढकललं जातं. स्वतःच्या म्हशीचा एक सड ट्रेमध्ये वेगळा पडलेला बघितला, की धार काढणारी बाई पुढचे प्रश्न आपणहून विचारते.

पण त्यासाठी तुम्ही पहाटे गोठ्यात हवेत. उद्घाटन अकराला, पाहुणे येईस्तोवर बारा. तोवर बायका शेतात आणि शेळ्या रानात. मंडपात बसलेल्यांपैकी धार काढणारे किती असतात? हे मला फार लागतं. शेण काढणं, धार, करडांची उस्तवार, सगळं बाई करते आणि माहिती मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही. कार्यक्रमपत्रिका तिच्या दिवसाप्रमाणे लावा.

शेळ्यांसाठी लेंड्या तपासा. ताज्या लेंड्या, डबीवर मालकाचं नाव आणि शेळीची खूण, मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी बघायची. हे परजीवीशास्त्राच्या तासाचंच काम. जोडीला खालची पापणी ओढून आतला रंग बघायला घरच्यांना शिकवा. पांढुरकी दिसली तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची शंका घ्यायची. याला पैसा लागत नाही, आणि तुम्ही गेल्यावरही ते बघत राहतील. सरसकट सगळ्या कळपाला जंतनाशक पाजून फोटो काढू नका. तेच औषध वारंवार दिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात.

आणि निकाल परत नेऊन द्या! नमुने घेऊन गेलेली मुलं पुन्हा दिसली नाहीत, असं मी गावोगावी ऐकते. रासेयोत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. ते नव्या नव्या गावांत उधळण्यापेक्षा याच गावात घाला. पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याच्या लसीच्या वेळी जा, पावसाळ्यानंतर लेंड्या पुन्हा तपासा.

पिंपळपार
कुत्र्यांच्या क्लबबद्दल. कुत्री पकडून नसबंदी करणं विद्यार्थ्यांनी अंगावर घेऊ नये, २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ती स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. मुलांना शाळांत जाता येईल. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची लावायची नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे दहा वर्षांच्या पोराला पक्कं करून द्या. घरी तेच सांगेल. क्लबमधल्या प्रत्येकाने आधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी.

धारेची_वेळ
याला जोडून एक. रेबीज फक्त कुत्र्यांचा विषय नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात काही अडकलंय, आणि ते तोंडात हात घालतात. हे गावात सांगायलाच हवं. म्हणून दोन गट पाडूच नका. रेबीजवाल्यांना शिबिरातच एक दिवस द्या, सकाळी शाळेत, संध्याकाळी पारावर.

सायली_दुसरंवर्ष
खूप आभार, ताई, सर. क्लबवाल्यांशी बोलले, ते शिबिरात यायला तयार आहेत. पहाटे मुलींनी गोठ्यांत फिरायचं तर सोबत कोण, असं आमचे कॉलेजचे सर विचारतायत. आणि निकाल कागदावर दिला तर वाचला जाईल का?

धारेची_वेळ
गावातल्या पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बायका) आणि बचतगटाच्या अध्यक्षांना आजच भेटा. त्या सोबत असल्या की गोठ्याचं दार उघडतं, आणि कुणाची म्हैस लाथाडते हेही आधी कळतं. तिघातिघांचे गट करा, प्रत्येकात एक मोठ्या वर्गाची मुलगी असू दे. निकाल तोंडीच सांगा, ज्या बाईने धार काढली तिलाच, आणि चार सडांचं चित्र काढून खराब सडावर फुली मारून द्या. ज्या जनावरात दोष निघेल त्याची यादी त्याच दिवशी गावच्या डॉक्टरांकडे गेली पाहिजे, उपचार तिथून सुरू होतील. आणखी एक, दोषी सडाची धार शेवटी काढायची आणि हात धुवायचे, हे पहिल्याच सकाळी सांगून टाका.