मदत हवी आहे : व्हॅनमध्ये रात्री पंखा लावला की सकाळी गाडी उठतच नाही

वऱ्हाडी_चक्का
नमस्कार मंडळी. दिवाळीत नागपूरहून कन्याकुमारीला व्हॅननं जाऊन राहिलो. हॉटेल नाही, लॉज नाही, गाडीतच झोपायचं. गादी झाली, पडदे झाले, छोटा सिलेंडर घेतला. फक्त रात्री पंखा लावून झोपलं की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करते. अंगणात झोपून पाहिलं, तोच प्रकार. मेकॅनिक म्हणे बॅटरी बदला. बदलली. तरी तेच. निघायला आठवडा राहिला, कोणी लवकर सांगेल काय?

सदाशिव_पेठी
गाडी कोणती? पंखा कोणता? जोडलाय कशाला? एवढ्यावर निदान करायला इथे कोणी ज्योतिषी नाही.

वऱ्हाडी_चक्का
ईको, पेट्रोल. पंखा म्हणजे पंखा.

लेह_रिटर्न
भाऊ, कन्याकुमारीला उकडणारच! लेहला चला, पंख्याची भानगडच नाही. अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढायची गरज उरली नाही. फक्त बोगद्यापुढच्या तांडी गावाला टाकी फुल करा, पुढे शेकडो किलोमीटर पंप नाही. आम्ही गाडीतच झोपलो होतो, काय आकाश दिसतं महाराजा!

सदाशिव_पेठी
दिवाळीच्या सुमारास वाटेतल्या बारालाचा खिंडीत बर्फ पडायला लागतं आणि मनालीकडचा रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. त्यांनी लेह विचारलेलंच नाही.

लेह_रिटर्न
पर्याय सुचवायलाही बंदी आहे का इथे?

वायरमन_रत्नागिरी
चक्का, पंखा १२ व्होल्टचा की घरातला? चावी रात्रभर कुठे असते?

वऱ्हाडी_चक्का
घरचाच टेबल फॅन आहे. लायटरच्या सॉकेटात छोटा इन्व्हर्टर लावतो, त्याच्यावर. चावी एक खटका पुढे ठेवावी लागते, नाही तर सॉकेट चालत नाही.

वायरमन_रत्नागिरी
मग झालं की. टेबल फॅन ५०-५५ वॅटचा. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर. आठ तास झोपलात की ४०. गाडीची बॅटरी पस्तिसेक अँपिअर-अवरची. अजून हवी तेवढी नवी टाका, तीही सकाळी बसलेलीच मिळेल. ही बॅटरी स्टार्टरला एका दमात मोठा करंट द्यायला बनवलेली असते, रात्रभर पिळायला नाही. अशी पूर्ण उतरवत राहिलात तर कायमची जाईल. पंखा बदला. ट्रकवाले केबिनमध्ये लावतात तो छोटा घ्या. पण बघून घ्या, ट्रकचे बरेच पंखे २४ व्होल्टचे असतात, दुकानदार तोच हातात ठेवील. १२ व्होल्टचा मागा. एक-दीड अँपिअरच्या आत काम होतं.

गिअर_पाचवा
एवढा उपद्व्याप कशाला? इंजिन चालू ठेवायचं, एसी लावायचा, झोपायचं. मी नेहमी तसंच करतो.

वायरमन_रत्नागिरी
आणि एक दिवस सायलेन्सरला भेग पडली की उठायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. नवख्या लोकांना असलं सांगू नका.

गिअर_पाचवा
माझ्या गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही लोक फार घाबरवता.

कोवैकर_मीरा
हवामान कोणीच विचारलं नाही? कोईमतूरमध्ये राहते म्हणून सांगते, तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. कृष्णगिरी, सेलमनंतर कधीही गाठेल. काचा उघड्या ठेवून झोपायचा बेत असेल तर काय कराल?

वऱ्हाडी_चक्का
पावसाळा तर संपला ना?

कोवैकर_मीरा
तुमचा संपला, आमचा सुरू झाला. काचांवर बाहेरून रेन व्हायझर बसवून घ्या आणि आतून मच्छरदाणीचं कापड वेल्क्रोनं लावा. मग काचा दोन बोटं खाली ठेवल्या तरी पाणी येत नाही, डासही नाहीत. बंद गाडीत चौघं झोपलात तर सकाळी छतावरून थेंब पडतील. किती जण आहात?

वऱ्हाडी_चक्का
मी, बायको, पोरगी अन् साळा. साळा बाहेर तंबूत झोपेल.

कोवैकर_मीरा
पावसात तंबू? बिचारा.

कलम_५२
"गादी झाली" म्हणजे मागची सीट काढली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. आरसीवर पाच आसनं असताना दोनच ठेवलीत तर तपासणीत अडकाल, अपघात झाला तर विमा कंपनी प्रश्न विचारेल. आणि पोरगी बसणार कुठे?

वऱ्हाडी_चक्का
गादीवर. मामासोबत. सीट घरी ठेवली आहे. ते सोडा हो, पंख्याचं सांगा.

सदाशिव_पेठी
सोडा काय? सतराशे किलोमीटर पोरीला बिनपट्ट्याची नेणार? मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे. सीट परत बसवा. डिकीत प्लायची फळी उभी ठेवा, रात्री सीटच्या वरून टाका. गादी तीच वापरा.

कलम_५२
फळीही स्क्रूनं पक्की करू नका. काढता येईल अशी ठेवा.

खिशात_सात_रुपये
टोलचा हिशेब केलात का? गाडी पांढऱ्या पाटीची असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३००० रुपयांत २०० टोल किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर चालणार नाही, तिथे नेहमीसारखे पैसे जातील. रात्री पेट्रोल भरून त्याच पंपावर मॅनेजरला विचारून ट्रकांच्या रांगेत थांबा. संडास, पाणी, उजेड, तिन्ही मिळतं.

भटकी_भाकर
रस्त्यात लेपाक्षीचं देऊळ चुकवू नका, एनएच ४४ पासून फार आत नाही. अधांतरी खांबाखालून कापड सरकवून बघतात लोक. पोरीला मजा वाटेल.

लेह_रिटर्न
लेहलाही पोरांना मजा येते.

वऱ्हाडी_चक्का
पांढरीच पाटी आहे, पास घेतो. सीट आज परत बसवली, बायकोही तेच म्हणत होती. वायरमन भाऊ, १२ व्होल्टचा पंखा बर्डीच्या बाजारात पाहतो. दुसरी बॅटरी ठेवली तर मोबाइल, लाइट सगळं चालेल काय? घरी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे, फुकट होते.

वायरमन_रत्नागिरी
ती नको! चार्ज होताना वायू सुटतो, कलंडली तर अ‍ॅसिड सांडेल, आणि तुम्ही तिच्याशेजारी झोपणार. घ्यायचीच तर लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, ३०-४० अँपिअर-अवर पुरे. गाडी चालताना ती चार्ज व्हायला मध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या करंटवर दुसरी बॅटरी बेतानं चार्ज करणारा डबा) लावा, नुसती वायर ओढू नका. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाजवळच फ्यूज. पैसे नसतील तर या खेपेला बॅटरी राहू द्या. छोटा पंखा आणि जाळी एवढ्यावर कन्याकुमारी होते. पण तोही आहे त्याच बॅटरीवर, म्हणून रात्री दोनेक वाजता बंद करा आणि एक जंपर केबल बरोबर ठेवा.

कोवैकर_मीरा
आणि सिलेंडर रात्री बाहेर काढून ठेवा. स्वयंपाकही गाडीत दारं लावून करू नका, पाऊस असला तरी.

वऱ्हाडी_चक्का
साळ्याले सांगतो, सिलेंडर त्याच्या तंबूपासून दूर ठेवू.

ओम्नीवाला_सातारा
माझ्याकडे जुनी ओम्नी आहे, गॅसवर. मलाही गोकर्णला जायचंय, छतावर सोलर टाकू का?

सदाशिव_पेठी
नवा धागा काढा. आणि त्यात गाडीचं वर्ष, गॅस कुठला आणि माणसं किती, हे पहिल्याच ओळीत लिहा.