अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेलने तेलसम्राट रॉकफेलर सोडून अजून कशावर लिहिलंय का?

वाचनखुळा: तिची रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीवरची लेखमाला वाचतोय, मॅक्लुअर्स मासिकातली, १९०२ ते १९०४. रेल्वेभाड्यातल्या गुपचूप सवलतींसारखा रुक्ष विषय पण काय रंगवलाय! उद्योगांवर अजून आहे का काही?

जुनापुराणा: आहे की, १९१६ चं न्यू आयडियल्स इन बिझनेस हे पुस्तक. पण तिथे कारखान्यांतल्या सुधारणांचं चक्क कौतुक, मला तर गुळमुळीत वाटलं बुवा.

तेलकट: तिचे वडील पेनसिल्व्हेनियात तेलाच्या लाकडी टाक्या बनवायचे, म्हणजे धंदा लहानपणापासून डोळ्यांसमोर, स्टँडर्ड ऑइलवर लिहिताना धार येणारच ना.

वाचनखुळा: अच्छा! मग १९११ ला कोर्टाने कंपनीचे ३४ तुकडे केले ते हिच्यामुळेच?

जुनापुराणा: एकटीमुळे नाही रे, खटला सरकारचा होता, पण वातावरण तापवलं तिनेच.