मदत हवी आहे: दुय्यम सर्व्हरवर बाह्य व्ह्यूचा झोन वेळेत अपडेट होत नाही

डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर बाइंड ९.१८, एक प्रायमरी (मूळ) सर्व्हर, एक सेकंडरी (त्याची प्रत ठेवणारा दुय्यम). दोन्हीकडे अंतर्गत आणि बाह्य असे दोन व्ह्यू (विचारणारा कोण यानुसार वेगळी उत्तरं देणारे भाग), त्यात एकाच नावाचा झोन (डोमेनच्या नोंदींचा संच). ट्रान्सफरसाठी प्रत्येक व्ह्यूला वेगळी टीसिग की (संदेशांवर सही करणारी गुप्त किल्ली) आहे, त्यामुळे डेटा सरमिसळ होत नाही. 'आरएनडीसी रिट्रान्सफर' (सक्तीनं पुन्हा ट्रान्सफर करायची कमांड) दिलं की बाह्य झोन लगेच येतो. म्हणजे टीसीपी ५३ आणि की ठीक. सीरियलही (झोनचा आवृत्ती क्रमांक) दर वेळी वाढवतो.

अडतं ते नोटिफायपाशी, म्हणजे झोन बदलल्याचं प्रायमरी सेकंडरीला कळवतो त्या संदेशापाशी. प्रायमरीचा आयपी अंतर्गत रेंजमधला, म्हणून बाह्य झोनचा नोटिफायही सेकंडरीच्या अंतर्गत व्ह्यूत पडतो; लॉगमध्ये तिथलाच झोन 'अप टू डेट' दिसतो. बाह्य झोन मग ३६०० सेकंदांच्या रिफ्रेशवरच (सेकंडरीनं स्वतःहून तपासायची ठरलेली मुदत) बदलतो. रिफ्रेश कमी करणं मला पटत नाही.

सेकंडरीला दुसरा आयपी देता येणार नाही. प्रायमरीच्या प्रत्येक व्ह्यूत 'नोटिफाय एक्सप्लिसिट' (फक्त यादीतल्यांनाच कळवा) आणि 'ऑल्सो-नोटिफाय'मध्ये (ती यादी) त्या व्ह्यूची की, एवढं पुरेल, की सेकंडरीच्या अंतर्गत 'मॅच-क्लायंट्स'मध्ये (व्ह्यूत कोण येईल ते ठरवणारी यादी) बाह्य की नकारार्थी टाकावीच लागेल?